कोण कोणाला काय म्हणतं: लूक १५ हळू कसं वाचायचं

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायात येशूने सांगितलेला उधळ्या पुत्राचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे: धाकटा मुलगा वाटणी घेऊन जातो, सगळं उधळतो, डुकरं राखायची वेळ आल्यावर घरी परततो, बाप आनंदाने मेजवानी देतो आणि मोठा मुलगा रागावतो. हा दाखला आपल्याला इतका पाठ असतो की वाचताना डोळे नुसते पुढे सरकत राहतात. म्हणून पहिलं काम, वचन ११ ते ३२ हाताने वहीत उतरवून काढा, मधली हेडिंगं आणि वचनांचे आकडे सोडून (आकडे रोबेर एस्तिएन या फ्रेंच मुद्रकाने १५५१ साली घातले, लूकने नाही). हात हळू चालतो, मग शब्द दिसायला लागतात.

आता रंगीत पेन्सिलने फक्त नात्याचे शब्द गोल करा. बाबा, मुलगा, भाऊ, एवढेच.

नोकर मोठ्या मुलाला सांगतो, तुमचा भाऊ आलाय. मोठा मात्र बापाशी बोलताना 'माझा भाऊ' म्हणतच नाही, 'हा तुमचा मुलगा' म्हणतो. आणि शेवटी बाप त्यालाच सांगतो, 'हा तुझा भाऊ' मेला होता, जिवंत झालाय. हेच वाक्य बाप आधी २४ व्या वचनात दासांपुढे बोललाय, जवळजवळ शब्दाला शब्द, फक्त तिथे 'माझा मुलगा' होतं. एवढं नातंच काय ते बदललंय, आणि मला तर अख्खा दाखला त्या बदलावर उभा आहे असं वाटतं. अजून एक बघा, धाकटा बापाशी बोलतो तेव्हा दर वेळी 'बाबा' म्हणून सुरुवात करतो, मोठा एकदाही नाही, तरी बाप त्याला 'बाळा'च म्हणतो!

मग जे दोनदा येतं ते शेजारी शेजारी लिहा. डुकरांपाशी बसून धाकट्याने ठरवलेलं बोलणं (१८-१९) आणि घरी आल्यावरचं प्रत्यक्ष बोलणं (२१). 'मला मजुरासारखं ठेवा' हे बहुतेक भाषांतरांत दुसऱ्या वेळी नाहीच, आणि लगेच 'पण' म्हणून बाप झगा आणायला सांगतो. बापाने मधेच तोडलं की पोरगा स्वतः थांबला हे लूक सांगत नाही, तेव्हा आपणही ठरवून टाकायचं नाही, वहीत प्रश्नचिन्ह टाकायचं.

एक काळजी घ्या. मुलं बापाला 'तुम्ही' म्हणतात ते मराठीचं आहे. लूकने ज्या ग्रीकमध्ये लिहिलं तिच्यात आदरार्थी 'तुम्ही' नाही, फक्त एकवचन आणि अनेकवचन, त्यामुळे त्यावरून मुलगा किती आदर ठेवायचा असा मुद्दा काढू नका. शंका आली की दोन-तीन भाषांतरं उघडा, पंडिता रमाबाईंचं मिळालं तर फारच छान, त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलंय.

सगळं झालं की मागे वचन १ आणि २ वर जा. परुशी (धर्मनियम काटेकोर पाळणारा यहुदी गट) आणि शास्त्री (नियमशास्त्राचे जाणकार) येशूबद्दल कुरकुरताना त्याचं नाव घेत नाहीत, नुसतं 'हा' म्हणतात, हा पापी लोकांबरोबर जेवतो. मोठ्याच्या 'हा तुमचा मुलगा' मध्ये तोच 'हा' आहे, ग्रीकमध्येसुद्धा. दोन्ही एकाच रंगाने गोल करा. मोठा भाऊ शेवटी घरात गेला का हे दाखल्यात नाही, तिथे वहीत एक ओळ रिकामी सोडा.