रस्ता सुरक्षेसाठी संस्था एकत्र येतात तेव्हा : या चुका टाळा

जानेवारी उजाडला की रस्ता सुरक्षा अभियान येतं. तहसील कचेरीपासून बसस्थानकापर्यंत हेल्मेट घालून दुचाकी फेरी, चौकात बिनहेल्मेटवाल्यांना गुलाबाचं फूल, शाळेत चित्रकला स्पर्धा, समारोपाला शाल-श्रीफळ. आमच्या तालुक्यात पोलीस, आरटीओ, साखर कारखाना, डॉक्टरांची संघटना, आम्हा इंजिनिअर मंडळींची संघटना, दोन गणेश मंडळं आणि एक कॉलेज असे सगळे यात दरवर्षी हौसेनं उतरायचे. आणि कारखान्याच्या फाट्यावर फेब्रुवारीत पुन्हा कुणीतरी जायचं. २०२२ या एका वर्षात महाराष्ट्रात रस्ते अपघातांत १५ हजारांहून जास्त माणसं गेली. आपल्या फाट्यावरचं माणूस त्या आकड्यात मिळून जातं, पण गावात त्याचं घर रोज दिसतं.

म्हणून आमचं काय काय चुकलं ते लिहितोय. तुमच्या तालुक्यात अशी जुळवाजुळव चालू असेल तर निदान याच चुका पुन्हा होऊ नयेत.

जागा न ठरवता कामाला लागणं

'तालुक्यात जनजागृती करणे' असा ठराव आम्ही तीन वर्षं केला. त्यातून कुणालाच काही करायचं नसतं, कारण तो कुठल्याच जागेबद्दल नसतो. जागा ठरली की काम ठरतं आणि ते कुणाच्या वाट्याचं तेही ठरतं.

जागा ठरवायची कशी? पोलीस ठाण्यातली नोंद पहिली. राष्ट्रीय महामार्गावर साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले, किंवा १० माणसं दगावली, तर तो 'ब्लॅक स्पॉट' धरतात. सरकारी कामाला असा निकष लागतोच. पण आपण यादीत नाव येण्याची वाट बघत बसलो, तर आणखी माणसं जाण्याची वाट बघतोय असा त्याचा अर्थ होतो. जे अपघात थोडक्यात हुकले ते कुठल्याच रजिस्टरात नसतात. ते टपरीवाल्याला, पंक्चरवाल्याला आणि १०८ च्या चालकाला पाठ असतात.

आम्ही एका संध्याकाळी सहा ते नऊ फाट्यावर वही घेऊन बसलो. वळणावरचा वेग हेच कारण, असं आम्ही आधीच ठरवून आलो होतो. चहावाले काका अर्धा तास आमच्याकडे बघत होते. मग म्हणाले, "साहेब, वळणाचं सोडा. एसटीतनं उतरलेली माणसं बसच्या पुढूनच रस्ता ओलांडतात. बसला मागनं ओलांडून येणाऱ्याला माणूस दिसतच नाही." तीन तासांत असा प्रकार आम्ही स्वतः अकरा वेळा मोजला. थांबा अगदी फाट्याच्या तोंडावर होता. पुढे पत्रव्यवहार करून बस पन्नास पावलं पुढे थांबायला लागली. पण निवारा जुन्याच जागी राहिला, त्यामुळे पावसात माणसं तिथेच उभी राहायची आणि बस आली की रस्त्यावरून पळत सुटायची. ग्रामपंचायतीनं नव्या थांब्यावर पत्र्याची शेड घातली तेव्हा कुठे ते काम पुरं झालं.

गावठी गतिरोधक

ही चूक मनापासून, दुःखाच्या भरात होते, म्हणून तिच्याबद्दल सावकाश बोलायला हवं. अपघात होतो, पोरगं जातं, गाव रस्त्यावर बसतं. अधिकारी येतात, आश्वासन देतात. रात्री कुणीतरी खडी-डांबर आणतं आणि सकाळी रस्त्यावर उंचवटा तयार असतो. 'आता गाड्या आपोआप हळू होतील' म्हणून सगळ्यांना बरं वाटतं.

आमच्याकडचा उंचवटा होता दीड हात रुंद आणि वीतभर उंच. देशात रस्त्यांची मापं-मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या गतिरोधकांच्या मार्गदर्शक सूचना, म्हणजे आयआरसी ९९, त्यात गोल पाठीच्या गतिरोधकाचं माप आहे ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची. एवढ्या पसरट चढावरून ताशी २५ किलोमीटरच्या आसपासची गाडी न आपटता जाते आणि त्याहून जोरात आली तर चालकाला आपसूक जाणवतं. अरुंद, उभ्या उंचवट्यावर मात्र जड ट्रक खडखडत निघून जातो आणि मोटारसायकल उडते. मागे एका बाजूला पाय सोडून, मांडीवर लेकरू घेऊन बसलेली बाई पहिली पडते. आमच्या उंचवट्यावर पहिल्याच आठवड्यात, पहाटे दुधाचे कॅन घेऊन निघालेला मुलगा पडला. पट्टे नव्हते, फलक नव्हता, दिवा नव्हता. तो त्या रस्त्यानं रोज जायचा, पण उंचवटा कालपर्यंत तिथे नव्हताच.

इथे इंजिनिअरांनी पुढे यायला हवं होतं आणि आम्ही आलो नाही, हे मला आजही खटकतं. गावाला 'हे बेकायदा आहे' एवढंच सांगून भागत नाही, पर्याय घेऊन जावं लागतं. टेप लावून जागेचा नकाशा काढा, दोन्ही बाजूंनी किती अंतरावरून काय दिसतं ते मोजा, आणि तो नकाशा ग्रामपंचायतीच्या ठरावाला जोडून द्या. फाट्याच्या आत, जोडरस्त्यावर गतिरोधक चालू शकतो. मोठ्या रस्त्यावर आधी आडव्या जाड पट्ट्या, फलक आणि उजेड मागा. राष्ट्रीय महामार्गावर गतिरोधक घालायचेच नाहीत असं केंद्रीय मंत्रालयाचं धोरण आहे, तिथे ती मागणी लावून धरण्यात वर्ष फुकट जातं. आणि जिथे गतिरोधक मंजूर होईल तिथे त्याच्या अलीकडे सूचनाफलक आणि अंगावर चमकणारा रंग असल्याशिवाय 'काम पूर्ण' म्हणून कुणीही सही करू नये.

अर्ज चुकीच्या दारात

अर्ज दिला, चार महिने उत्तर नाही, अशी तक्रार असेल तर आधी रस्ता कुणाचा ते बघा. सार्वजनिक बांधकाम विभाग, जिल्हा परिषद, नगरपालिका, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ… एकाच फाट्यावर तीन मालक निघू शकतात. अर्जात रस्त्याचा क्रमांक आणि जवळच्या किलोमीटरच्या दगडाचा आकडा लिहा, 'शिंद्यांच्या वस्तीजवळ' असं नको. तरीही हलत नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे विषय न्या. तिथे हे सगळे मालक एकाच टेबलाशी बसतात.

मोळीपूजनाला रिफ्लेक्टर आणि मग विसर

ऊस पट्ट्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको : रात्रीच्या अंधारात पुढे काहीतरी काळं आहे असं वाटेपर्यंत आपण ट्रॉलीच्या जवळ गेलेलो असतो. ट्रॅक्टरचा मागचा दिवा पहिल्या ट्रॉलीआड, तिच्यामागे दुसरी ट्रॉली आणि तिला बहुतेक वेळा दिवाच नाही.

गाळपाच्या हंगामाच्या सुरुवातीला उसाची मोळी टाकायच्या कार्यक्रमात आम्ही पाहुण्यांच्या हस्ते पट्ट्या चिकटवायचो. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. नियमाप्रमाणे सगळं बरोबर. डिसेंबरात एकदा रात्री वजनकाट्याच्या रांगेत मागून चालत गेलो. पट्टी मागच्या फाळक्यावर होती आणि फाळक्यावर वाढ्यांचा, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांचा, पडदा लोंबत होता. जिथे पडदा नव्हता तिथे चिखल वाळून कडक झाला होता. पट्टी होती, पण दिसत नव्हती.

खरी चूक त्याआधीचीच होती. पाच बैठका झाल्या, पण ट्रॅक्टरवाल्यांपैकी एकालाही आम्ही बोलावलं नव्हतं. बोलावल्यावर पहिलंच वाक्य आलं, "पट्टी लावा साहेब, पण पुसायला फडकं पण द्या. फडातनं निघताना चिखल ठरलेलाच." दुसऱ्यानं सुचवलं की पट्टी फाळक्यावर नको, खाली चासीच्या आडव्या पट्टीवर लावा, तिथे ऊस लोंबत नाही. मग कारखान्याच्या शेतकी विभागानं काट्यावर पाण्याची टाकी, फडकी आणि पट्टीचं रोल ठेवलं. शेवटच्या ट्रॉलीच्या भारावर टाकायला लाल चमकत्या पट्टीचं कापड दोरीसकट दिलं. चिटबॉय, म्हणजे कारखान्याचा चिठ्ठ्या देणारा माणूस, उसाच्या फडात चिठ्ठी देताना ते कापड बांधलंय का बघतो. त्यानं भांडायचं नाही, फक्त नंबर लिहून ठेवायचा. बोलायचं काम कारखान्याचं.

पट्टी दिसते का हे तपासताना उजेडाची चूक करू नका. बाजूनं टॉर्च मारला तर चांगली पट्टीही मेलेली वाटते. तिच्यावर पडलेला उजेड जिथून आला तिकडेच परततो. म्हणून पन्नास पावलं मागे जा, मोबाइलचा टॉर्च डोळ्यांशेजारी, कपाळाला लावून धरा आणि बघा. मागच्या गाडीवाल्याला साधारण असंच दिसतं.

आणि दगड! पंक्चर झालं की चाकापुढे-मागे दगड लावतात, गाडीभोवती दगड मांडतात, टायर बदलला की ट्रॅक्टर जातो आणि दगड रस्त्यावर राहतात. त्यांना पट्टी नसते, दिवा नसतो. हे काम मंडळाच्या पोरांनी मागून घेतलं : पंक्चरवाल्यानं फोन केला की गाडी हलल्यावर दगड उचलून येणं. सगळ्या मोहिमेत याहून स्वस्त काम दुसरं नव्हतं.

डॉक्टरांना फक्त भाषणाला बोलावणं

प्रथमोपचाराचं शिबिर कॉलेजच्या सभागृहात झालं तर शिकलेली मुलं परीक्षेनंतर पुण्याला जातात. अपघातापाशी सगळ्यात आधी पोचतो तो ढाब्यावरचा पोरगा, टपरीवाला, शेतात पाणी पाजणारा. शिबिर ढाब्याच्या अंगणात घ्या, दुपारच्या सुस्तीच्या वेळी. रक्त दाबून कसं धरायचं, शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी का घालायचं नाही, मानेला धक्का न लावता काय करायचं, १०८ ला जागा कशी सांगायची. एवढं हातानं करून घेतलं तरी पुष्कळ.

माणसं मदतीला घाबरतात ती पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांना. ही भीती पोलिसांच्याच तोंडून मोडायला हवी. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या मार्गदर्शक सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. सद्‌भावनेनं मदत करणाऱ्यावर खटला नाही, नाव सांगायची सक्ती नाही. २०२५ पासून अपघातग्रस्तासाठी सात दिवसांपर्यंत दीड लाखाच्या मर्यादेत रोकडरहित उपचारांची केंद्राची योजनाही आहे. तिच्यात आपल्याजवळचं कोणतं रुग्णालय येतं, ते डॉक्टरांच्या संघटनेनं आधीच विचारून ढाब्याच्या भिंतीवर रंगवून ठेवावं.

सौजन्याचे फलक

'वेग आवरा, जीव सावरा' असं बारीक अक्षरात आणि देणगीदाराचं नाव हातभर. आमचा असा एक फलक नेमका जोडरस्त्यावरून येणाऱ्याच्या उजव्या नजरेत होता, त्यामुळे हायवेवरची गाडी झाकली जायची. काढला. देणगीदार नाराज झाले, मग त्यांनीच दिव्याच्या खांबाचा खर्च उचलला.

माणसं मोजणं, अपघात न मोजणं

फेरीत ४०० जण होते, ही नोंद आमच्याकडे होती. फाट्यावर त्या वर्षी काय झालं, ही नव्हती. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ मृत्यू झाले होते. त्याच वर्षी तिथे सेव्हलाइफ फाउंडेशन ही रस्ता सुरक्षेवर काम करणारी संस्था, रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि महिंद्र उद्योगसमूह यांनी शून्य मृत्यूचं लक्ष्य ठेवून एकत्र काम सुरू केलं. रस्त्यातले दोष, पोलिसांची कारवाई, जखमीला मिळणारी मदत असं सगळं एकाच आकड्याशी बांधलं. २०१७ मध्ये मृत्यू १०५ वर आले. २०१८ मध्ये ११० झाले. आकडा वाढला हे कळलं, कारण मोजणी चालू होती.

आमची आता एक वही आहे. फाट्यावरचा प्रत्येक अपघात, थोडक्यात हुकलेलेसुद्धा, काका सांगतात आणि कॉलेजची मुलं लिहितात. पाऊस संपल्यावर, गळीत सुरू व्हायच्या आधी, सगळ्या संस्थांचा एकेक माणूस वही घेऊन तो पट्टा पायी चालतो. यंदा दोन फलक बाभळीआड गेलेले सापडले आणि जोडरस्त्यावरच्या गतिरोधकाचा रंग पुसलेला. फांद्या मंडळाच्या पोरांनी तिथल्या तिथे तोडल्या. रंगाचा अर्ज किलोमीटरच्या दगडाच्या आकड्यासकट सोमवारी गेला.