अॅसिटोनच्या पंपावर एफकेएम ओ-रिंग फुगते? माझा अनुभव

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत आमचा अॅसिटोनचा पंप दर चार दिवसांनी सीलपाशी गळायचा. काढलेली 3.53 मिमी जाडीची एफकेएम (फ्लोरिनयुक्त रबर) ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारी रबरी गोल कडी, 4 मिमीच्या वर फुगलेली, नखाने दाबली की खूण उमटायची. नवी टाकली, जास्त कडक टाकली, नायट्राइल रबराचीही लावून पाहिली. तीन आठवडे जीव मेटाकुटीला आला.

एफकेएम तेल, पेट्रोल, 200 अंश उष्णता सोसतं; अॅसिटोन ज्या गटात येतो त्या कीटोन द्रावकांपुढे मात्र टिकत नाही. अॅसिटोनला ईपीडीएम (वेगळ्या जातीचं कृत्रिम रबर) हवं. (एफएफकेएम हे त्याहून भारी फ्लोरिनयुक्त रबरही चालतं, पण भाव ऐकून डोळे पांढरे होतात.)

पंपाची वीज तोडली, दोन्ही व्हॉल्व्ह बंद करून केसिंग रिकामं केलं. ओ-रिंग बसते ती खाच पुसून कोरडी केली. ईपीडीएम रिंगला सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात दिला. साधं, खनिज तेलाचं ग्रीस अजिबात नको, त्यात ईपीडीएमच फुगतं! शाफ्ट हाताने फिरवून पाहिला, मगच पंप सुरू केला. दोन महिने झाले, सील कोरडं आहे.