जुनी मियाटा आयडलवर थरथरते, सिग्नलला बंद पडते: दोष शोधायचा कसा

सिग्नल जवळ आला म्हणून क्लच दाबावा, तर आरपीएमचा (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा 850 वर न थांबता थेट 400 कडे घसरतो, आरसा थरथरतो आणि इंजिन गप्प. चावी फिरवली की पहिल्या फटक्यात चालू. हे दोन-चारदा झाले की माणूस स्क्रूड्रायव्हर घेऊन आयडलचा, म्हणजे पाय सोडल्यावर इंजिन ज्या संथ वेगाने फिरते त्याचा, स्क्रू पिळायला जातो. तेवढे मात्र करू नका. तो स्क्रू सगळ्यात शेवटी फिरवायचा असतो. आधी फिरवला, तर मूळ दोष झाकला जातो आणि नवा एक वर येऊन बसतो.

इथे बोलतोय ते पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 बद्दल, 1.6 लिटर इंजिनाच्या. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ही गाडी पुढे आली. अमेरिकेत ती मियाटा म्हणून विकली गेली, जपानमध्ये युनोस रोडस्टर म्हणून. माझदा हे नाव आपल्याकडे माहीत आहे ते स्वराज माझदाच्या मिनीबसमुळे. ही उघड्या टपाची दोन सीटर कंपनीने भारतात विकली नाही, पण अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये स्थायिक झालेल्या मंडळींना ती सेकंडहँड बाजारात भेटते, आणि आता तिची रबरे, वायरी नि सेन्सर सगळेच तिशी ओलांडून गेले आहेत. 1994 च्या मॉडेलपासून आलेल्या 1.8 इंजिनात हवा मोजायची पद्धत वेगळी आहे. शोधाचा क्रम मात्र तोच चालतो.

आधी नुसते बघा

पाना हातात घेण्यापूर्वी वहीत चार गोष्टी लिहा. गाडी थंड असताना बंद पडते की तापल्यावर? आयडल सतत खडबडीत आहे की खाली-वर झोके घेते? दिवे, पंखा लावल्यावर बिघडते का? आणि बंद पडताना आरपीएमचा काटा नेमका कसा पडतो?

या शेवटच्या प्रश्नाला फार किंमत आहे. गाडी गिअरमध्ये चालत असताना इंजिन मेले, चाकांमुळे ते अजून फिरतेच आहे, आणि तरीही काटा एका क्षणात शून्यावर आपटला, तर इग्निशनचा सिग्नलच तुटला आहे असे समजा: कॅम अँगल सेन्सर (कॅमशाफ्ट फिरून कुठे आला ते सांगणारा), इग्नायटर (स्पार्कच्या कॉइलची वीज जोडणारा-तोडणारा) किंवा मेन रिले (यंत्रणेला वीज देणारा स्विच). काटा इंजिनाच्या फिरण्याबरोबर हळूहळू उतरला, तर स्पार्क शाबूत आहे. पेट्रोल कमी पडतेय किंवा हवेचे गणित चुकतेय. मोबाइल डॅशबोर्डवर टेकवून व्हिडिओ चालू ठेवलात तर हे नीट टिपता येते. अर्ध्या तासाची शोधाशोध इथेच वाचते.

मग कोड काढा. इंजिन बेमध्ये 'डायग्नोसिस' असे लिहिलेली काळी डबी आहे. तिचे झाकण उघडले की आत टर्मिनलची नावे छापलेली दिसतात. टीईएन (TEN) आणि जीएनडी (GND, ग्राउंड) ही दोन टर्मिनले वायरच्या तुकड्याने जोडा, इग्निशन ऑन करा, इंजिन चालू करू नका. अमेरिकन गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लुकलुकून कोड सांगतो: लांब लुकलुक दहाची, आखूड एकाची. 02 आणि 03 म्हणजे कॅम अँगल सेन्सरचे सिग्नल, 08 एअरफ्लो मीटर, 09 पाण्याच्या तापमानाचा सेन्सर, 15 ऑक्सिजन सेन्सर, 34 आयडलचा व्हॉल्व्ह. कोड नाही म्हणजे दोष नाही, असे मात्र अजिबात नाही. ही 1990 ची यंत्रणा आहे, तिला फक्त तुटलेली वायर किंवा गायब झालेला सिग्नल कळतो. फाटका पाइप तिला कळत नाही.

चोरटी हवा

इथे वेळ घाला, कारण बहुतेक मियाटांचा दोष इथेच सापडतो.

1.6 मध्ये हवा मोजायला एअरफ्लो मीटरमध्ये एक झडप असते. इंजिन जितकी हवा ओढते तितकी ती उघडते, आणि त्या हिशोबाने ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल सोडतो. या मीटरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, कुठूनही बाहेरची हवा शिरली, तर ती मोजलीच जात नाही. पेट्रोल तेवढेच, हवा जास्त, मिश्रण पातळ. मोठ्या आरपीएमवर हा फरक पचतो. आयडलवर मुळात हवाच थोडी, त्यामुळे इंजिन लगेच लंगडते.

एक साधी चाचणी आहे. इंजिन गरम करून आयडलवर ठेवा आणि ऑइल भरायचे झाकण उघडा. क्रँककेसची (इंजिनाच्या खालच्या पेटीतली) वाफ पीसीव्ही नावाच्या एकदिशा व्हॉल्व्हमधून परत इनटेकमध्ये (हवा आत जायच्या वाटेत) जाते, त्यामुळे झाकण उघडताच चोरटी हवा शिरते आणि धडधाकट इंजिन अडखळते, कधी बंदही पडते. काहीच फरक पडला नाही, तर हवा आधीच दुसरीकडून शिरतेय किंवा पीसीव्हीची वाट तुंबली आहे.

आता एकेक जागा तपासा. एअरफ्लो मीटरपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या घरापर्यंत) इंजिनाच्या पुढून आडवा जाणारा पाइप आहे, त्याची रबरी घडीदार टोके हाताने ताणून बघा. भेग घडीच्या तळाशी असते. नुसते वरून पाहिले तर दिसत नाही, घडी फाकवली की आतले काळे-करडे तोंड उघडते. इंजिन गचका देते तेव्हा ही भेग उघडते आणि मिटते, म्हणून दोष कधी येतो, कधी गायब होतो. त्यानंतर ब्रेक बूस्टरचा होज, पर्ज सोलेनॉइडचे (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हचे) बारीक पाइप, पीसीव्ही व्हॉल्व्हचे रबर आणि इंजेक्टरच्या खालच्या सीटची रबरे. पीसीव्ही व्हॉल्व्ह उपटून हलवा, आत खुळखुळला पाहिजे. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरला जाणारा व्हॅक्यूमचा पाइप काढून हुंगा. आत पेट्रोलचा ओलावा असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटला आहे, आणि इंजिन त्या पाइपातून कच्चे पेट्रोल पितेय.

गळती शोधायला काही जण तापलेल्या इंजिनावर कार्ब क्लीनर फवारतात. जवळच एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कडक तापलेला असताना हे धाडस कशाला? स्प्रेच्या बाटलीत साधे पाणी भरा, जोडांवर बारीक फवारा मारा. जिथे आरपीएम बदलतो किंवा सूं असा आवाज थांबतो, तिथे भोक आहे. कॉइल आणि मीटरच्या कनेक्टरवर पाणी उडवू नका.

झोके घेणारे आयडल

आयडल 1000 ते 1800 च्या मध्ये लाटेसारखे हलत असेल, तर कारण बहुधा असे: हवा जास्त शिरल्याने आरपीएम चढतो, थ्रॉटल बंद आहे हे ईसीयूला माहीत असते, म्हणून तो 'उतारावर पाय सोडलाय' असे समजून पेट्रोल तोडतो, आरपीएम पडतो, पेट्रोल परत सुरू होते, पुन्हा चढतो. हवेची गळती बंद केली की हा पाळणा थांबतो.

तरीही थांबला नाही, तर रेडिएटरमधले पाणी बघा. थ्रॉटल बॉडीखालच्या एअर व्हॉल्व्हमध्ये मेणाची गोळी असते, ती कूलंटच्या उष्णतेने फुगून थंड इंजिनाची जादा हवा बंद करते. कूलंट कमी असेल किंवा आत हवेचा बुडबुडा अडकला असेल, तर मेण तापत नाही आणि हवा चालूच राहते. त्याच जागी आयडलचा इलेक्ट्रिक व्हॉल्व्हही आहे. थंड असताना त्याच्या कॉइलचा रोध सुमारे 11 ते 13 ओहम यावा. काजळी साठून तो चिकटला असेल, तर थ्रॉटल बॉडी खाली उतरवून थ्रॉटल क्लीनर नि मऊ ब्रशने धुवा. नवे पॅकिंग आधी हाताशी ठेवा, जुने फाटणारच.

उलटा प्रकार म्हणजे ॲक्सिलरेटर सोडल्यावर सरळ बंद पडणे. तेव्हा थ्रॉटलचा स्विच तपासा. मॅन्युअल गिअरच्या 1.6 मध्ये तो नुसता स्विच आहे: थ्रॉटल पूर्ण बंद असताना आयडलचा संपर्क जुळतो, किंचित उघडताच तुटतो. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर (संपर्क जुळला की बीप देणाऱ्या सेटिंगवर) ठेवा, थ्रॉटल बोटाने हळू उघडा. बीप लगेच थांबली पाहिजे. बंद थ्रॉटलवर बीपच येत नसेल, तर गाडी आयडलला आली आहे हे ईसीयूला कळतच नाही आणि तो सावरायला येत नाही. स्विचचे दोन स्क्रू ढिले करून फिरवले की जुळते.

स्पार्क

एकसारखा धक-धक-धक करत एक सिलिंडर मिस होत असेल, तर प्रत्येक इंजेक्टरचा कनेक्टर आळीपाळीने काढा. आरपीएम पडला तर सिलिंडर काम करतोय. ज्याचा काढून काही फरक पडत नाही, तो मेलेला. चालू इंजिनावर प्लगची वायर ओढायची जुनी सवय इथे सोडा, त्याने इग्नायटर जळू शकतो आणि तुम्हालाही झटका बसतो.

या गाडीत डिस्ट्रिब्युटर नाही. हेडच्या (इंजिनाच्या वरच्या भागाच्या) मागे कॉइल पॅक आहे: एक कॉइल 1 आणि 4 ला, दुसरी 2 आणि 3 ला. जोडीतले दोन्ही सिलिंडर मंद असतील तर संशय कॉइलवर किंवा तिच्या कनेक्टरवर, एकच असेल तर प्लग, वायर किंवा इंजेक्टरवर. वायरी शेजारच्या सिलिंडरशी बदलून बघा. दोष वायरीबरोबर सरकला तर निकाल लागला. वायरीचा रोध दर मीटर लांबीमागे 16 किलोओहमच्या फार वर असेल तर सगळा सेट बदला. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवले तर कधीकधी निळ्या ठिणग्या वायरीवरून हेडवर उडताना दिसतात. त्याहून मोठा पुरावा नको.

प्लग काढण्यापूर्वी त्याच्या विहिरीत (तो बसतो त्या खोल भोकात) टॉर्च मारा. तळाशी ऑइल साचले असेल तर कॅम कव्हरचे पॅकिंग गळतेय, आणि ते ऑइल वायरीचे बूट फुगवून स्पार्क बाहेर पळवते. पॅकिंग बदलताना बोल्ट पिळू नका, 5 ते 9 न्यूटन-मीटर इतकाच ताण. प्लगचा गॅप 1 ते 1.1 मिलिमीटर. चारही प्लग काजळीने काळे असतील तर मिश्रण घट्ट आहे, पांढरट असतील तर पातळ.

काळे निघाले, तर हेडच्या मागच्या बाजूचा तापमानाचा सेन्सर मोजा. 20 अंशांना 2.2 ते 2.7 किलोओहम, 80 अंशांना सुमारे 0.3 किलोओहम. तापूनही तो दोन किलोओहमच दाखवत असेल, तर ईसीयूच्या मते गाडी कायम पहाटेच्या थंडीत आहे, आणि तो पेट्रोल ओततच राहतो. डॅशबोर्डच्या काट्याचा सेन्सर वेगळा असतो, म्हणून काटा बरोबर दिसतो आणि माणूस फसतो.

तापल्यावरच बंद पडून अर्ध्या तासाने जणू काही झालेच नाही अशी चालू होणारी गाडी असेल, तर इग्नायटर, कॅम अँगल सेन्सर आणि मेन रिले. गाडी बंद पडल्या पडल्या रिले बोटांच्या टिचकीने ठोकून बघा. गाडी चालू झाली तर आत सोल्डर तडकले आहे.

पेट्रोल

डायग्नोसिसच्या डबीत एफ/पी (F/P) आणि जीएनडी जोडून इग्निशन ऑन केले की पंप आवाज करतो. गेज लावून आयडलवर 30 ते 38 पीएसआय (दाबाचे एकक) यावे, रेग्युलेटरचा व्हॅक्यूम पाइप काढल्यावर 38 ते 46. कमी असेल तर आधी फिल्टर बदला, तो गाडीच्या मागच्या भागात खाली असतो आणि बहुतेकांनी तो कधी पाहिलेलाही नसतो. जोड सोडण्यापूर्वी लाइनमधले प्रेशर उतरवा, आणि हे काम बंद गॅरेजात करू नका.

एअरफ्लो मीटरमध्ये पंपाचा स्विच दडलेला आहे. झडप थोडी उघडल्याशिवाय पंपाला वीज मिळत नाही. झडप काजळीने अडकत असेल तर इंजिन चालू होऊन लगेच मरते. एअर फिल्टर काढून झडप बोटाने ढकला. घर्षण न लागता सरकली पाहिजे आणि स्वतःहून मिटली पाहिजे.

इंजिनाचे पोट

इथवर काही सापडले नाही तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेचा दाब, मोजा. चारही प्लग काढा, कॉइलचा कनेक्टर आणि इंजेक्टर सोडवा, थ्रॉटल पूर्ण दाबून स्टार्टर फिरवा. नव्या इंजिनाचे सुमारे 192 पीएसआय, 135 च्या खाली अपेशी, आणि सिलिंडरांमधला फरक 28 पीएसआयपेक्षा जास्त नको. व्हॉल्व्हचे क्लिअरन्स शोधत बसू नका, टॅपेट हायड्रॉलिक आहेत, ऑइलच्या दाबाने अंतर आपोआप राखतात. टकटक आवाज येतो, पण त्याने आयडल बिघडत नाही.

नुकताच टायमिंग बेल्ट बदलला असेल आणि त्यानंतरच गाडी बिघडली असेल, तर दोन कॅमपुलींच्या 'ई' (E, एक्झॉस्ट) आणि 'आय' (I, इनटेक) खुणांमध्ये 19 दात मोजा. एक दात इकडेतिकडे झाला, की इंजिन चालते पण चालल्यासारखे वाटत नाही.

1991 पर्यंतच्या गाड्यांत आणखी एक जुनाट दुखणे आहे: क्रँकशाफ्टचे पुढचे टोक आखूड, आणि पुलीची चावी झिजून तिथे खेळ येतो. टायमिंग (स्पार्क पडायची वेळ) भटकते, गाडी दिवसेंदिवस मंद होते. इंजिन चालू असताना पुढची पुली डगमगताना दिसली, तर आयडलचा विषय सोडा आणि तो बोल्ट उघडायच्या तयारीला लागा. उशीर झाला तर क्रँक गेला.

मगच स्क्रू

इंजिन पूर्ण गरम करा, दिवे, ब्लोअर बंद ठेवा, रेडिएटरचा पंखा थांबेपर्यंत वाट बघा. टीईएन-जीएनडी जोडा. टायमिंगची लाइट (स्पार्कबरोबर चमकणारा दिवा) 1 नंबरच्या वायरीला लावा; पुलीची खूण 10 अंशांवर हवी. नसेल तर कॅम अँगल सेन्सरचा 12 मिलिमीटरचा बोल्ट ढिला करून सेन्सर केसभर फिरवा आणि परत आवळा. मग थ्रॉटल बॉडीवरचे रबरी टोपण काढून आतल्या स्क्रूने आयडल 850 वर आणा, 50 इकडेतिकडे चालते. डॅशबोर्डच्या काट्यावर विसंबू नका, डबीतल्या आयजी-मायनसला (IG-) टॅकोमीटर (आरपीएम मोजायचे मीटर) लावा. टोपण जागेवर बसवा, आणि जोडलेली वायर काढून खिशात टाका: ती तशीच राहिली तर आयडलवर टायमिंग 10 अंशांवर अडकून राहते आणि पंखा लागताच गाडी पुन्हा गचके खाते.