घरात केमोचा पेशंट आणि कुत्रा दोन्ही आहेत? मग या चुका टाळा

केमो सुरू झाली किंवा किडनी ट्रान्सप्लांट झालं की पेशंटची प्रतिकारशक्ती कमी होते, आणि नातेवाईक आधी म्हणतात कुत्रा देऊन टाका. नका देऊ, बहुतेक वेळा गरज नसते. सवयी मात्र बदलाव्या लागतात आणि कंटाळा नेमका तिथेच येतो.

माझा रोज क्लिनिकमध्ये घसा कोरडा होतो तो कुत्र्याला घातल्या जाणाऱ्या कच्च्या चिकनवरून. रील बघायचं आणि दुसऱ्या दिवशी रॉ डाएट सुरू! आमच्याकडे एक लॅब्राडॉर यायचा, घरी आजींची केमो चालू. मुलगा म्हणे, "मॅडम, डीप फ्रीझरमधलं आहे, जंतू मरतात त्यात." अरे नाही मरत, कच्च्या चिकनमधला साल्मोनेला नावाचा जंतू बर्फात नुसता पडून राहतो. कुत्रा ठणठणीत, एक लूज मोशन नाही, पण त्याचा बाऊल आणि आजींचं ताट एकाच सिंकमध्ये, एकाच घासणीने घासलं जायचं. आजींना ताप, जुलाब, ॲडमिट, ब्लड कल्चरमध्ये साल्मोनेला. कुत्र्याची शी तपासली, त्यातही तोच. कुकर लावायला कितीसा वेळ लागतो हो? डुकराचे वाळवलेले कान चघळायला देता तेही बंद करा, आणि बाऊलची घासणी वेगळी ठेवा.

दुसरं, चाटणं. लाळेने जखम भरते हे डोक्यातून काढा. निरोगी कुत्र्याच्या तोंडातही कॅप्नोसायटोफॅगा नावाचा जंतू असतो, आणि ज्यांची स्प्लीन (प्लीहा) काढलीय त्यांच्या तो थेट जिवावर बेततो, म्हणून अशांनी चावा कितीही छोटा असला तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तोंड, जखम, सलाईनची जागा चाटू द्यायची नाही, लाड पाठीवर हात फिरवून करा आणि नंतर हात साबणानेच धुवा, सॅनिटायझरने सगळे जंतू जात नाहीत.

पिल्लू आत्ताच आणायची घाई नको, सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लांकडून, त्यातही जुलाब होत असतील तर, इन्फेक्शन जास्त मिळतं. शी पेशंटने नाही, दुसऱ्या कुणीतरी उचलायची. पावसाळ्यात कुत्र्याला डबक्यात जाऊ देऊ नका, आणि लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा आजार) लस त्याला दरवर्षी द्या.

रस्त्यावरच्या कुत्र्याचा नुसता ओरखडा लागला तरी 15 मिनिटं वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि डॉक्टरांना प्रतिकारशक्ती कमी असल्याचं आधी सांगा, कारण अशा पेशंटला रक्त आलं नसलं तरी रेबीजच्या लसीबरोबर इम्युनोग्लोब्युलिनही (तयार अँटीबॉडीजचं इंजेक्शन) लागतं.

आणि केमोत ताप 100.4 च्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट बघत बसू नका, लगेच हॉस्पिटल, आणि घरी कुत्रा आहे हे तिथे न विचारता सांगा.