आयऑक्टलमधला कोरा रकाना

आमच्या औशाकडं सोसायटीच्या कर्जाच्या फॉर्मवर खाली 'कार्यालयीन उपयोगासाठी' असा रकाना असतो. आमचे तात्या तिथंही मोबाइल नंबर लिहायचे, अन् क्लार्क काही बोलायचा नाही. लिनक्ससाठी लिहिलेल्या माझ्या पहिल्या डिस्प्ले ड्रायव्हरमध्ये (कर्नलचा, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याचा, स्क्रीन चालवणारा भाग) मी त्या क्लार्कसारखंच केलं.

आयऑक्टल म्हणजे प्रोग्रामनं ड्रायव्हरला केलेली विनंती, अन् स्ट्रक्ट म्हणजे तिच्यासोबतचा रकान्यांचा फॉर्म. त्यात 'पुढं लागेल' म्हणून फ्लॅग्ज (एकेक बिट म्हणजे एकेक हो-नाही) हा रकाना ठेवला, पण तपासला नाही. ऑफिसातल्याच एका पोरानं स्ट्रक्ट शून्य न करता पाठवलं. स्टॅकवरचा, म्हणजे मेमरीत आधीचा उरलेला, कचरा फ्लॅग्जमध्ये. दोन वर्षं सगळं सुरळीत. मग मी पहिल्या बिटला 'व्हीब्लँकसाठी (स्क्रीनवरच्या दोन चित्रांमधली छोटी उसंत) थांबू नको' असा अर्थ दिला, अन् त्याच्या स्क्रीनवर चित्र मधोमध फाटायला लागलं. चूक त्याची म्हणून भागत नाही. लिनक्समध्ये नव्या कर्नलनं चालता प्रोग्राम मोडायचा नसतो. शेवटी नवा आयऑक्टल नंबर घेतला. जुना अजून सांभाळतोय.

तेव्हा ओळखीचा नसलेला एकही बिट चढलेला दिसला, की सरळ 'ईइनव्हॅल' ही 'चुकीची माहिती' सांगणारी एरर परत करा. पहिल्याच दिवसापासून.

पॅडिंगचंही, म्हणजे रकान्यांमधल्या रिकाम्या जागेचंही, तसंच. आधी ३२ बिटांचा आकडा, मग ६४ बिटांचा, असं स्ट्रक्ट घ्या. ३२-बिट इंटेलवर ते १२ बाइट भरतं, ६४-बिटवर १६, कारण मध्ये ४ बाइटांची फट पडते. ती फट स्वतः 'पॅड' नावानं भरा, अन् त्यात शून्यच आहे ना तेही बघा. पॉइंटर (मेमरीतला पत्ता) ६४ बिटांच्या आकड्यातच पाठवा. फटी शोधायला 'पाहोल' हे टूल चालवा.

नवा रकाना नेहमी शेवटी. जुन्या प्रोग्रामचं स्ट्रक्ट लहान पडलं तर डीआरएम (लिनक्सचा ग्राफिक्स विभाग) उरलेली जागा शून्यानं भरतं, म्हणून शून्याचा अर्थ 'पहिल्यासारखंच' असाच ठेवा. उलट बाजू मात्र फसवी आहे. नव्या प्रोग्रामनं जुन्या कर्नलला मोठं स्ट्रक्ट दिलं, तर ड्रायव्हर त्या जादा शेपटाकडं बघतच नाही, एररही येत नाही! म्हणून नव्या रकान्यासोबत एक फ्लॅग द्या. जुना कर्नल तो नाकारतो अन् प्रोग्रामला वेळेत कळतं.

पॅच (कर्नलमधला बदल) पाठवण्याआधी मुद्दाम घाण टाका: पॅडमध्ये १, फ्लॅग्जचे सगळे बिट चढवलेले. दोन्ही वेळेला एरर यायलाच हवी; एकदा जरी आली नाही, तर पॅच अजून घरीच ठेवा.