वांग्याचं भरीत : अक्षरांच्या सुडोकूची उकल

हिवाळ्यात अमळनेरकडे शेतात भरीत पार्टी ठरली की माझ्याकडे दोन कामं येतात. एक, कापसाच्या वाळलेल्या काड्या गोळा करणं. दुसरं, वांगी भाजून बडगीत ठेचून होईपर्यंत लोकांना काहीतरी उद्योग देणं. मागच्या वेळी मी उद्योग म्हणून एक सुडोकू नेलं. साधं नाही, अक्षरांचं. तेच इथे सोडवून दाखवतो, आणि त्यात मी केलेली चूकही.

कोडं सहा बाय सहाचं आहे. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि दोन ओळी-तीन घरांच्या प्रत्येक पेटीत १ ते ६ हे अंक एकेकदाच यायला हवेत. इथपर्यंत वर्तमानपत्रातलंच. गंमत अशी, की काही घरांत अंक दिलेत आणि काहींत अक्षरं:

ग्या – – | – – री
– – भ | – १ –
– त – | – चं –
– – – | – – –
– वां – | ३ – भ
री – २ | – – वां

(दुसरी आणि चौथी ओळ संपते तिथे पेटी संपते.)

वां, ग्या, चं, भ, री आणि त हे सहा पाहुणे. पंगतीत प्रत्येकाने १ ते ६ पैकी वेगळ्या संख्येने कळण्याच्या भाकरी खाल्ल्या. कोणी उपाशी उठला नाही, कोणा दोघांच्या सारख्या झाल्या नाहीत. ज्याने जितक्या खाल्ल्या तो त्याचा अंक. वाढणाऱ्या काकूंची साक्ष अशी :

री आणि त यांनी मिळून जेवढ्या खाल्ल्या, तेवढ्या भ ने एकट्याने.
त ने खाल्ल्या त्याच्या दुप्पट ग्या ने.
वां आणि भ यांनी मिळून जेवढ्या, तेवढ्या चं ने एकट्याने.

आधी अक्षरं फोडायची

चौकटीला हात लावायचा नाही. पुष्कळ जण इथेच घाई करतात, दिसेल तिथे अंक टाकत सुटतात, आणि मग एकाच ओळीत ‘री’ आणि ‘३’ दोन्ही येऊन बसतात. ते दोघं एकच आहेत हे त्यांना फार उशिरा कळतं.

सहा अक्षरांना सहा अंक वाटायच्या ७२० तऱ्हा होतात. त्या एकेक करून तपासायच्या नाहीत, सगळ्यात लांब बेरीज शोधायची. चं म्हणजे वां अधिक भ, आणि भ म्हणजे री अधिक त. म्हणजे चं = वां + री + त. तीन वेगवेगळे अंक, आणि त्यांची बेरीज सहाच्या वर जायला जागाच नाही. तीन वेगवेगळ्या अंकांची लहानात लहान बेरीज १ + २ + ३, म्हणजे सहाच. तेव्हा चं = ६, आणि वां, री, त यांच्यात १, २, ३ वाटले गेले.

उरले ४ आणि ५, ते ग्या आणि भ यांचे. ग्या कोणाच्या तरी दुप्पट आहे, म्हणजे सम. ग्या = ४, म्हणून त = २. भ = ५, म्हणून री = ३. वां ला एकच भाकरी. सगळं मिळून दोन मिनिटं. ‘कमीत कमी किती’ हा प्रश्न बेरजेच्या कुठल्याही कोड्यात पहिल्यांदा विचारावा, निम्मं कोडं तिथेच मोडतं.

अक्षरांत अंक दडवण्याचा हा खेळ आमच्या भागाला नवा नाही. चाळीसगावजवळ पाटण्याला भास्कराचार्यांच्या नातवाचा, चांगदेवाचा, इ. स. १२०७ चा शिलालेख आहे. आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी काढलेल्या मठाची नोंद त्यात आहे. खुद्द भास्कराचार्यांनी आपलं जन्मवर्ष ‘रसगुणपूर्णमही’ अशा शब्दांत सांगितलं. रस ६, गुण ३, पूर्ण ०, मही १, आणि वाचायचं उजवीकडून डावीकडे : शके १०३६, म्हणजे इ. स. १११४. त्यांच्या लीलावतीत अंकांच्या मांडणीच्या तऱ्हा मोजण्याचं ‘अंकपाश’ नावाचं प्रकरण आहे. वरचे ७२० त्याच हिशेबातले. सुडोकू मात्र अमेरिकेतलं, हॉवर्ड गार्न्स नावाच्या वास्तुविशारदाने १९७९ मध्ये केलेलं. नाव तेवढं जपानी.

मग चौकट

अक्षरं पुसून अंक लिहा :

४ – – | – – ३
– – ५ | – १ –
– २ – | – ६ –
– – – | – – –
– १ – | ३ – ५
३ – २ | – – १

वरच्या डाव्या पेटीपासून सुरू करू. १ कुठे जाईल? दुसऱ्या ओळीत १ आहे, दुसऱ्या उभ्या ओळीतही आहे. उरतं पहिल्या ओळीतलं तिसरं घर. आता ३. पहिल्या ओळीच्या शेवटी ३ आहे आणि पहिल्या उभ्या ओळीच्या तळाशीही, म्हणून तो दुसऱ्या ओळीत दुसऱ्या घरी. पेटीत २ आणि ६ राहिले. दुसऱ्या उभ्या ओळीत खाली २ आहेच, म्हणून वर ६ आणि पहिल्या उभ्या ओळीत २. पेटी संपली.

पाचव्या ओळीचं पहिलं घर बघा. आडवे १, ३, ५ गेले, उभे ४, २, ३ गेले. फक्त ६.

मधल्या उजव्या पेटीत ३ चौथ्या आणि सहाव्या उभ्या ओळीत बसत नाही, म्हणून तो चौथ्या ओळीच्या पाचव्या घरात. मग मधल्या डाव्या पेटीतला ३ तिसऱ्या ओळीच्या तिसऱ्या घरात ढकलला जातो. त्याच पेटीतल्या ६ ला पहिली आणि दुसरी उभी ओळ बंद, तो चौथ्या ओळीत तिसरा. आणि ४ ला पहिली उभी ओळ बंद, म्हणून तो चौथ्या ओळीत दुसरा. इथून पुढे कोडं उतारावरच्या बैलगाडीसारखं आपोआप पळतं. सगळं लिहीत बसत नाही, पोचतो ते असं :

४ ६ १ | २ ५ ३
२ ३ ५ | ४ १ ६
– २ ३ | – ६ ४
– ४ ६ | – ३ २
६ १ ४ | ३ २ ५
३ ५ २ | ६ ४ १

चार घरं आणि एक भांडण

शेतात नेलेलं कोडं इथे अडकलं, आणि दोष माझा होता. काकांनी तिसऱ्या ओळीत ५ आणि १ घातले, चौथ्यात १ आणि ५. मावसभावाने नेमकं उलटं. दोघांचं सगळं जुळत होतं. ‘मनं उत्तर बरोबर शे!’ असं दोघंही ओरडत होते आणि भरीत थंड होत होतं. खरं तर दोघंही बरोबर होते.

चार रिकामी घरं आयताच्या चार कोपऱ्यांवर आहेत : दोन आडव्या ओळी, दोन उभ्या ओळी, आणि दोनच पेट्या. चारही कोपऱ्यांत १ आणि ५ हीच जोडी. अशा वेळी १ आणि ५ ची अदलाबदल केली तरी एकही नियम मोडत नाही. म्हणजे कोडं करणाऱ्याने एक धागा कमी दिलाय. चार पेट्यांत पसरलेला आयत मात्र असा फसवत नाही, तिथे अदलाबदलीने पेट्यांचा हिशेब बिघडतो. तुम्ही स्वतः कोडं करणार असाल तर शेवटी हे दोन पेट्यांतले आयत आधी तपासा.

घरी आल्यावर मी अंक वाढवला नाही, चौथी साक्ष वाढवली : कोडं सुटलं की एका आडव्या ओळीत ताटातला पदार्थ वाचता येतो. आता चौथी ओळ अक्षरांत लिहून बघा. रिकामं, ग्या, चं, रिकामं, री, त. काकांच्या उत्तराने ‘वांग्याचं भरीत’ होतं. मावसभावाच्या उत्तराने ‘भग्याचं वांरीत’. भग्या नावाचा कोणी भेटला तर त्याला विचारू, तोवर काका जिंकले.

अक्षरांच्या बऱ्याच कोड्यांत शब्द नुसता शोभेला असतो, तो काढला तरी काही अडत नाही. मला ते पटत नाही. शब्दाने काहीतरी काम केलं पाहिजे.

त्याची एक किंमतही आहे. सुधारलेलं कोडं भाचीला दिलं, तर तिने आधी चौथी ओळ पूर्ण रिकामी आहे हे हेरलं, पदार्थाचं नाव ओळखलं आणि अख्खी ओळ एका दमात भरून टाकली. ही चोरी नाही. बाकीच्या प्रत्येक ओळीत एखादं तरी घर त्या नावाला आडवं येतं, हे तिने तपासलं होतं.

स्वतः करायचं असेल तर

आधी शब्द. अक्षर म्हणजे काना-मात्रा-जोडाक्षरासकट एक. एकही अक्षर दोनदा नको. ‘कळण्याची भाकरी’ इथेच बाद होते, त्यात क दोनदा आहे. ‘शेवभाजी’ चारची, मुलांच्या चार बाय चारला उत्तम. नऊ बाय नऊसाठी ‘जामनेरची शेवभाजी’ बरोब्बर बसते, फक्त घाईच्या हस्ताक्षरात जा आणि जी सारखे दिसू लागतात. नऊच्या चौकटीत १७ पेक्षा कमी घरं भरून दिली तर साधं सुडोकू एकाच उत्तराचं होऊच शकत नाही, हे २०१२ मध्ये गॅरी मॅकग्वायर आणि सहकाऱ्यांनी संगणकावर सिद्ध केलं.

मग भरलेली चौकट घ्या आणि एकेक अंक पुसत जा, प्रत्येक वेळी पुन्हा सोडवून. हे कंटाळवाणं आहे आणि टाळता येत नाही. अक्षरं अगदी शेवटी चढवा.

साक्षी मात्र जितक्या कमी तितक्या चांगल्या. ‘फौजदारी डाळ’ घ्या, सहा अक्षरं, सगळी वेगळी. फौ आणि ज यांचा गुणाकार म्हणजे दा. फौ आणि री यांची बेरीज म्हणजे ळ. एवढ्या दोन साक्षींवर १ ते ६ हे सहाही अंक उलगडतात, डा चा उल्लेखही न करता.