दहा हजारांत गाडी पळवायची असेल तर सायलेन्सर शेवटी घ्या

गॅरेजमध्ये येणाऱ्या पोरांपैकी निम्म्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "मिस्त्री, दहा हजार जमलेत, सायलेन्सर टाकूया." माझा प्रश्नही ठरलेला: आवाज पाहिजे का पिकअप? उत्तर येतं, दोन्ही. दहा हजारांत दोन्ही बसत नाही. आणि पैसे आधी आवाजावर घातले तर गाडीत आहे तो पिकअपसुद्धा जातो. तो कसा जातो आणि पैसे कुठल्या क्रमानं घालायचे, ते लिहितोय. गॅरेज कोल्हापुरात, शिरोलीच्या बाजूला आहे, त्यामुळं रस्ते आणि गाड्या इथल्याच येतील.

सुरुवात मोजण्यापासून करा, कारण कान फसवतो. आवाज वाढला की गाडी जास्त पळतेय असं वाटतंच. मोजायला डायनो, म्हणजे ताकद मोजायचं मशिन, लागत नाही. मोकळा, सपाट रस्ता बघा, मोबाईल टँकवर असा पक्का बसवा की मीटर नीट दिसेल, आणि व्हिडिओ चालू करून चौथ्या गिअरमध्ये ४० पासून ७० पर्यंत पूर्ण थ्रॉटल द्या. गिअर बदलायचा नाही. जाताना आणि येताना दोन्हीकडून करा म्हणजे वारा आणि उतार कटतो. घरी येऊन व्हिडिओत सेकंद मोजा आणि वहीत लिहा. प्रत्येक काम केल्यावर हेच, त्याच रस्त्यावर, शक्यतो त्याच वेळी. सकाळच्या गार हवेत इंजिन जरा जास्त ओढतं, त्यामुळं सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी लावू नका. १५० सीसीच्या गाडीत अर्ध्या सेकंदाच्या आतला फरक मी फरक धरत नाही.

आता कामाकडं. गाडी मेन स्टँडवर लावा, न्यूट्रल करा आणि मागचं चाक हातानं फिरवा. अर्ध्या फेरीत थांबलं तर ब्रेक घासतोय किंवा चेन जास्त घट्ट आहे. तुमचा पिकअप तिथंच चाललाय. चौथ्या गिअरमध्ये चढाला पूर्ण थ्रॉटल दिल्यावर आरपीएम वाढतो आणि वेग जागेवरच राहतो? मग क्लच प्लेटा गेल्यात, आणि त्या गाडीला कुठलाही सायलेन्सर लावला तरी काय फरक पडणार? टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्हची फट, थंड इंजिनवर फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घालून सेट करून घ्या. नुसतं कानानं करणारा भेटला तर उठून या. टायरमधली हवा, प्लग, ऑइल हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच करत नाही. या सगळ्याला क्लचशिवाय हजार-दीड हजार लागतात. जुन्या गाडीत वहीतला सगळ्यात मोठा फरक बहुतेक वेळा इथंच दिसतो.

त्यानंतर माझा आवडता सल्ला, जो कुणाला आवडत नाही कारण तो दिसत नाही आणि ऐकूही येत नाही: पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ओढणारं दातांचं चाक. पुढं १५ दातांचं असेल तर १४ चं टाका. १५ भागिले १४ म्हणजे १.०७, प्रत्येक गिअरमध्ये मागच्या चाकाला ओढ साधारण ७ टक्के जास्त मिळते. एवढा फरक दीडशे सीसीच्या गाडीत कुठलाही सायलेन्सर देत नाही, हे मी पैजेवर सांगतो. बदल्यात त्याच वेगाला इंजिन तेवढंच जास्त फिरतं. ६० ला ५,००० आरपीएम असेल तर आता ५,३५० च्या आसपास. हायवेला गाडी जरा ओरडेल, टॉप स्पीड थोडा जाईल, अ‍ॅव्हरेजही जरा घटेल. रोज पुणे-बंगळूर हायवेवर लांब जाणाऱ्यानं हे करू नये. गावात आणि घाटात फिरणाऱ्याला मात्र वाघबीळवरून पन्हाळ्याला चढताना गिअर खाली टाकायची वेळ कमी येईल. दोन गोष्टी सांभाळा. मीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर मीटर जास्त वेग दाखवायला लागेल. पुढच्या चाकावर असेल तर काही बदलत नाही. आणि जुन्या, लांबलेल्या चेनवर नवं स्प्रॉकेट चढवू नका, ती दात लगेच खाते. चेन सेट पूर्ण घ्या, दीड-दोन हजारांत होतो.

हवेच्या बाजूला फिल्टरवर बोलायचं तर ऊसतोडीचा हंगाम आठवा. नोव्हेंबरपासून पुढं ट्रॅक्टर-ट्रॉल्यांमागनं गाडी चालवणाऱ्याच्या फिल्टरची अवस्था मी रोज बघतो: कागदाच्या घड्यांत माती आणि पाचटाचा भुगा. कंपनीचा नवा कागदी फिल्टर दोन-तीनशे रुपयांत येतो आणि वर्षाकाठी बदलला की काम झालं. केअँडएनसारखा तेल लावलेला कापडी फिल्टर चार-पाच हजारांना पडतो. माल चांगला आहे, धुऊन वर्षानुवर्षं वापरता येतो, पण छोट्या गाडीत स्टॉपवॉचवर त्याचा फरक मला दिसलेला नाही. गाडी दहा वर्षं ठेवणार असाल तर घ्या, पिकअपसाठी नको.

एअरबॉक्स (फिल्टरचा डबा) काढून कार्ब्युरेटरला, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाला, थेट लावतात तो उघडा पॉड फिल्टर मात्र अजिबात नको. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांत व्हॅक्यूमचा कार्ब्युरेटर आहे. आतली स्लाइड थ्रॉटलची केबल उचलत नाही, हवेच्या दाबातला फरक रबरी डायफ्रामवरून उचलतो. त्याला शांत, साठलेली हवा लागते आणि ती एअरबॉक्स देतो. बॉक्स काढला की स्लाइड थरथरते आणि अर्ध्या थ्रॉटलला गाडी अडखळते. शिवाय आमच्या जुलैच्या पावसात तो फिल्टर पाणी आत ओढतो.

आता जेट, म्हणजे कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं नोझल. हे १ एप्रिल २०२० च्या आधीच्या, कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी. त्या तारखेला बीएस६ हा धुराचा कडक नियम आला आणि जवळजवळ सगळ्या मोटरसायकली इंजेक्शनवर गेल्या. जुन्या गाडीला सायलेन्सर न बदलतासुद्धा एक नंबर मोठं मेन जेट लागू शकतं, आणि त्याचं कारण आपल्याच साखर कारखान्यांतून निघतं. साधं पेट्रोल नीट जळायला एका ग्रॅमला १४.७ ग्रॅम हवा लागते. इथेनॉलला फक्त ९. पंपावरच्या ई२० मध्ये २० टक्के इथेनॉल, म्हणून त्याचं गणित १३.५ च्या आसपास येतं. जुना कार्ब्युरेटर मात्र हवेच्या मानानं पेट्रोल आधीएवढंच सोडतो. म्हणजे मिश्रण आपोआप पातळ होतं, पेट्रोल कमी पडतं, गाडी तापते आणि वर ओढत नाही. इंजेक्शनच्या गाडीत धुरातला ऑक्सिजन मोजणारा ओटू सेन्सर हे वाचून पेट्रोल वाढवतो, तिला जेटच नाही.

जेट मोठं हवं का ते प्लग सांगतो, पण प्लग बघायचीही रीत आहे. टपरीवर गाडी उभी करून, दोन मिनिटं आयडल सोडून काढलेला प्लग फक्त आयडलचं सांगतो. नवा प्लग घाला. रिकाम्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण थ्रॉटल देऊन गाडी काही शे मीटर ओढा, आणि थ्रॉटल न सोडता एकाच दमात क्लच दाबून किल स्विच बंद करा. चावीला हात लावू नका, चुकून हँडल लॉक होऊ शकतं. गाडी बाजूला घेऊन थांबवा, हातमोजा घालून प्लग काढा आणि उन्हात धरा. टोकाकडं बघू नका, एवढ्यात तिथं रंग धरत नाही. आत, जिथं पांढरी चिनीमाती लोखंडात शिरते, तिथं मुळाशी एक बारीक रिंग दिसेल. ती फिकट चहाच्या रंगाची असेल तर जेट बरोबर आहे. रिंगच नाही आणि चिनीमाती खडूसारखी कोरडी पांढरी असेल तर पेट्रोल कमी पडतंय. काळी भुकटी बोटाला लागली तर जास्त होतंय. आणि काळं पण ओलं, तेलकट असेल तर जेटचा विषय सोडा. पिस्टनच्या रिंगा किंवा व्हॉल्व्ह सील गेलेत, ते इंजिनचं काम आहे.

मेन जेट एका वेळी एकच नंबर वाढवा, परत प्लग, परत स्टॉपवॉच. मेन जेट पाऊण थ्रॉटलच्या वर बोलतं, मधला भाग नीडल या सुईचा आणि सुरुवातीचा पायलट जेटचा. म्हणून सिग्नलवरून निघताना गाडी अडखळते आणि मिस्त्री मेन जेट बदलतोय असं दिसलं, तर त्याला विचारा का म्हणून. जेट शंभर-दीडशेचं, कार्ब्युरेटर साफ करून ट्युनिंगची मजुरी वेगळी. हजाराच्या आत सगळं बसतं.

बीएस६ वाल्यांनो, तुमच्या गाडीत दोन वागणुकी असतात. निवांत एका वेगानं चालताना ईसीयू, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, ओटू सेन्सरचं ऐकून मिश्रण दुरुस्त करतो. पूर्ण थ्रॉटलला तो सेन्सरचं न ऐकता कंपनीनं भरलेल्या तक्त्यावरून पेट्रोल सोडतो. त्यामुळं मोकळा सायलेन्सर टाकल्यावर नुसतं फिरताना काही कळत नाही, आणि जिथं पिकअप हवा तिथंच मिश्रण पातळ पडतं. हे नीट सोडवायचं तर बंगळूरच्या रेस डायनामिक्सच्या पॉवरट्रॉनिकसारखी पिगीबॅक पेटी, म्हणजे ईसीयूचे हुकूम बदलणारी जोडपेटी, लागते, आणि ती घेतल्यावर आपल्या बजेटमध्ये दुसऱ्या कशालाच पैसे उरत नाहीत. आठशे रुपयांत ऑनलाइन "परफॉर्मन्स चिप" मिळते, तिचं काळं प्लॅस्टिक कापून बघा. बहुतेक वेळा आत एक रेझिस्टर निघतो. तो हवेचं तापमान मोजणाऱ्या सेन्सरला लावून ईसीयूला सांगतो की बाहेर थंडी आहे, आणि ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो. अ‍ॅव्हरेज जातो, बाकी काही नाही. त्यापेक्षा थ्रॉटल बॉडी आणि इंजेक्टर साफ करून घ्या. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत सेन्सरशी खेळलात तर चेक इंजिनचा दिवा लागायची तयारी ठेवा.

आता राहिला सायलेन्सर.

फोर स्ट्रोकमध्ये सायलेन्सर मोकळा केला म्हणजे ताकद वाढते हा समज चुकीचा आहे. धूर बेंड पाईपमधून, म्हणजे इंजिनपासून डब्यापर्यंतच्या वाकड्या नळीतून, जोरात जात असेल तर तो आपल्या मागचा धूर ओढून घेतो आणि सिलेंडर नीट रिकामा होतो. पाईप गरजेपेक्षा जाड केला की वेग पडतो आणि खालचा टॉर्क जातो. क्लासिक ३५० सारख्या गाडीची सगळी मजा ४,००० आरपीएमच्या आसपासच्या २७ न्यूटन मीटरमध्ये आहे. इंदोरी किंवा पंजाबी पोकळ नळी लावून तुम्ही तीच मजा विकता. वर बीएस६ गाडीत धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बहुतेक बेंड पाईपमध्येच असतो, त्यामुळं मागचा डबा बदलून अडथळा तसाच राहतो. वजन मात्र दोन-तीन किलो कमी होतं, हे खरं.

टू स्ट्रोकचं वेगळं आहे. आरएक्स १०० मध्ये ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर निघते त्यात सायलेन्सरचा मोठा वाटा आहे. त्याच्या फुगीर भागातून दाबाची लाट परत येते आणि बाहेर निसटलेलं ताजं मिश्रण पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. म्हणून आरएक्सचा डबा म्हणजे इंजिनचाच एक भाग. आतली नळी कापून "मोकळी" केलेल्या आरएक्स मी बघतो तेव्हा जीव तुटतो. तिच्यावर खर्च करायचाच असेल तर आतला कार्बन जाळून, खरवडून काढा.

कायद्याचंही ऐका. कारखान्यातून निघताना ८० ते १७५ सीसीच्या गाडीला ७७ डेसिबल आणि त्यावरच्या गाडीला ८० डेसिबलची मर्यादा असते. दहा डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि लायसन्स तीन महिने जातं. पोलिस जप्त केलेले सायलेन्सर रोड रोलरखाली घालतात ते फोटो तुम्ही बघितले असतीलच. तुमचं पूर्ण बजेट त्या रोलरखाली जातं. तरीही घेणार असाल तर डीबी किलर (आवाज दाबणारी आतली नळी) असलेला घ्या, तो काढू नका, आणि ट्रॅकवर जाणार असाल तरच पूर्ण सिस्टीमचा विचार करा.

माझ्या हिशेबानं सर्व्हिस, चेन सेट, फिल्टर आणि जेट मिळून पाच हजार होतात. उरलेल्यात मागचा चांगला टायर आणि ब्रेक शू घ्या. घाटात पुढच्यापेक्षा लवकर थ्रॉटल उघडायची हिंमत टायर देतो, इंजिन नव्हे.

ज्यांनी सायलेन्सर बदललाय त्यांनी मूळचा भंगारात घालू नका. गाडी विकताना गिऱ्हाईक तोच मागतं. गाडी चांगली तापवून आतलं पाणी उडून गेल्यावर काढा, दोन्ही तोंडं कापडानं बंद करा, क्लॅम्प आणि नट त्यालाच बांधून ठेवा. परत बसवताना गॅस्केट नवी घ्या, शंभराच्या आत येते. एकदा दबलेली गॅस्केट परत नीट बसत नाही. तिथून हवा शिरली की थ्रॉटल सोडताना फटफट फटाके वाजतात, आणि इंजेक्शनच्या गाडीत ती हवा ओटू सेन्सरपर्यंत पोचली की ईसीयूला मिश्रण पातळ वाटतं, तो पेट्रोल वाढवत बसतो आणि तुम्ही अ‍ॅव्हरेज का पडला म्हणून माझ्याकडं येता.